एकट्याने कान्हा: आधी खर्चाचे गणित

एकदा तरी जंगल एकट्याने पाहावे, असे अनेकांच्या मनात असते. सुट्टी जुळत नाही, सोबत मिळत नाही, म्हणून बेत पुढे जातो. आणि एकदाचा ठरतो तेव्हा पैसे घाईत उभे करावे लागतात. कोणी मुदत ठेव मोडतो, कोणी क्रेडिट कार्डाचे हप्ते करून घेतो. हप्ते केले तर सहल संपल्यावरही तुम्ही कित्येक महिने जिप्सीचे भाडे फेडत राहता, वर व्याज निराळे. थोडे आधी ठरवले तर हे दोन्ही टळते. उदाहरणासाठी मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यान घेऊ.

कान्हा मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत पसरले आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. सालाचे दाट वन, मोकळी कुरणे आणि बारशिंगा ही त्याची ओळख. रेल्वेने जायचे तर जबलपूर किंवा गोंदियाला उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. पावसाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते. बुधवारी दुपारची फेरी नसते, त्यामुळे मुक्काम मंगळवार-बुधवारचा धरला तर एक फेरी हातची जाते आणि खोलीचे भाडे मात्र चालू राहते.

आता मुख्य मुद्दा. घरच्या सहलीचा खर्च आपण माणशी काढतो. चार जणांना सोळा हजार, तर एकट्याला चार, असे मनात धरतो. जंगलात हे गणित चालत नाही. जिप्सीचे भाडे गाडीमागे असते, गाईडचे शुल्कही गाडीमागेच. समजा दोन्ही मिळून एका फेरीचे ४,००० रुपये होतात. सहा जण बसले तर प्रत्येकी साधारण ६६७ रुपये. तुम्ही एकटेच बसलात तर पूर्ण ४,०००. दोन फेऱ्यांचे ८,०००. परवान्याचे पैसे याशिवाय. खोलीचेही तसेच: दोघांच्या खोलीत एकटे राहिलात म्हणून भाडे निम्मे होत नाही. (हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, चालू दर वन विभागाच्या अधिकृत पोर्टलवर पाहावेत.)

यावर उपाय आहे. परवाना पूर्ण गाडीचा घेता येतो, तसा एका आसनाचाही. एकट्याने जाणाऱ्याने आधी आसनाचाच विचार करावा, असे माझे मत आहे. अनोळखी पाच जणांबरोबर बसावे लागते, पण वाचलेल्या पैशांत आणखी एक मुक्काम होतो. मात्र सोबतचे प्रवासी कमी आले तर भाड्याचा वाटा कसा ठरतो, ते आधी विचारून घ्या. आणखी एक गोष्ट: परवाना ठरावीक भागाचा असतो. खटिया आणि मुक्की या दोन प्रवेशद्वारांत रस्त्याने बरेच अंतर आहे. परवाना एकीकडचा आणि मुक्काम दुसरीकडे झाला, तर पहाटे टॅक्सीला मोजाल ते पैसे कोणत्याच अंदाजपत्रकात नसतात. म्हणून आधी परवाना, मग खोली, मग तिकीट.

पैसे कधी लागतील हेही याच क्रमाने ठरते. बहुतेक लोक प्रवासाच्या तारखेपर्यंत बचत करतात, पण मोठा भाग बुकिंगच्या वेळीच द्यावा लागतो. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. फेब्रुवारीच्या मध्यावर जायचे असेल तर तिकिटाचे पैसे डिसेंबरच्या मध्यावर हवेत, परवाना आणि खोलीचे त्याही आधी. समजा एकूण खर्च २४,००० धरला, त्यातले ९,००० बुकिंगला आणि १५,००० प्रत्यक्ष प्रवासात. मग आधीच्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन आवर्ती ठेवी उघडा. एक नऊ महिन्यांची, दरमहा १,००० रुपयांची. दुसरी अकरा महिन्यांची, दरमहा १,४०० रुपयांची. पहिली नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाती येते, दुसरी जानेवारीत. साडेसहा टक्के दर धरला तर दोन्हींचे मिळून साडेसातशेच्या आसपास व्याज मिळते. व्याज फार नाही, हे खरे. पण मोठी मुदत ठेव जागेवर राहते, आणि अडीअडचणीसाठी हजारेक रुपये वर उरतात. हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा.

बुकिंग करताना घाई नको. अधिकृत संकेतस्थळांसारखीच दिसणारी बनावट संकेतस्थळे असतात. ‘आज शेवटची जागा’ म्हणत कोणी वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर आगाऊ रक्कम मागितली तर थांबा. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर येणारे खातेदाराचे नाव वाचा. परतावा मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा आणि आपल्या बँकेलाही. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

प्रवासात सगळी बचत असलेले खाते फोनला जोडलेले ठेवू नका. दुसऱ्या खात्यात सहलीपुरती रक्कम ठेवा आणि यूपीआय तेवढ्यालाच जोडा. जंगलालगत नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा जिप्सी आणि गाईडपुरती रोकड दोन वेगळ्या जागी असू द्या. फेऱ्या किती करायच्या हे घरूनच ठरवून निघा. वाघ दिसला नाही की ‘अजून एक’ म्हणावेसे वाटतेच.

ज्या ओळखपत्रावर परवाना काढला ते मूळ ओळखपत्र प्रवेशद्वारावर दाखवावे लागते. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना प्रवास विम्याचा पर्याय येतो. हप्ता रुपयाहूनही कमी आहे आणि अपघाती मृत्यूसाठी १० लाखांचे संरक्षण मिळते. पैसे भरले की विमा कंपनीकडून वारसाचे नाव नोंदवण्यासाठी संदेश येतो. बरेच जण तो उघडतच नाहीत. नाव नोंदवा, आणि परवान्याची व मुक्कामाची प्रत घरातल्या एकाकडे देऊन निघा.