तीस अँटेना, दोन माणसं

डिसेंबर 2024 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं. पुस्तकवाल्यांनी थोडी ओरड केली आणि मग सगळे गप्प झाले. मे 2025 मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ आलं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100. दर वाजवी आहेत, तक्रार नाही. तक्रार आहे ती अटींबद्दल. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतील. नियतकालिक स्वरूपाचं प्रकाशन चालणार नाही. मग दर चार-सहा महिन्यांनी निघणारं मराठी विज्ञान-कॉमिक कुठल्या खणात टाकायचं? धार्मिक तर ते खचितच नव्हतं.

आमची मालिका बंद पडून काही वर्षं झाली, त्यामुळे या नियमाने आमचं काहीच बिघडत नाही. तरी बातमी लागली. 2009 ते 2019 या काळात पुण्यात बसून आम्ही दोघं स्वतःचं कॉमिक काढू शकलो, त्याला तीन आधार होते: स्वस्त टपाल, ओळखीचा ऑफसेटवाला, आणि एकमेकांना तोंडावर ‘नाही’ म्हणायची सवय. पहिला गेला, दुसरा जातोय. तिसऱ्याबद्दल पुढे लिहितो. मालिकेचं नाव मुद्दाम देत नाही. या लेखाला जाहिरातीचा वास नको.

आधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये संपलं. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन मराठीत बोलले ते त्याच्यामुळे. 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, पण तो डाकूंच्या मागे होता, ताऱ्यांच्या नव्हे. अमर चित्रकथा पुराणात आणि इतिहासात रमली. विज्ञानकथा मात्र मराठीत ठणठणीत होती. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 1974 साली ना. वि. जगताप या नावाने बक्षीस मिळवणारी ‘कृष्णविवर’ ही कथा जयंत नारळीकरांची निघाली, हा किस्सा आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. म्हणजे कथा होती, वाचक होता. चित्र मात्र कथेच्या डोक्यावर, फेट्याला तुरा लावावा तसं. त्याच चित्राला गोष्ट सांगायला लावावं, असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. नव्वदीत सगळे टीव्हीसमोर बसले. ती वर्षं मी सोडून देतो.

आमच्या दोघांतली चित्रकार ती. अभिनव कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली, आजोळ नारायणगावचं. खोडदची रेडिओ दुर्बीण तिने लहानपणी मामाच्या मोटारसायकलवरून पाहिलेली. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. 14 मध्यभागी दाटीने, उरलेल्या 16 तीन दिशांना फाकलेल्या. खाली द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मळे. आणि हेच नारायणगाव तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. एकाच तालुक्यात एकीकडे कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकणारे लोक आणि दुसरीकडे ढोलकी ऐकणारे लोक. गोष्ट तिथेच तयार होती. एका फडातल्या सोंगाड्याला ढोलकीच्या कातड्यातून आकाशातला संकेत जाणवू लागतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नसतं, कारण थापा मारणं हाच त्याचा धंदा. अंकांची रचनाही आम्ही तमाशाची घेतली: गण, गवळण, बतावणी, वग.

पहिलं भांडण अँटेनांवरून झालं. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी या अँटेना पत्र्याच्या न करता स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीच्या केल्या. तारेची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. अभियंत्याची ही काटकसर चित्रकाराच्या मात्र मुळावर येते. अँटेना काळी भरता येत नाही, पांढरी सोडता येत नाही. मागचं आकाश दिसायलाच हवं. जाळी निबने ओढत बसलं तर एका पानाला महिना. तिने कडा आणि मोजक्या फासळ्याच काढल्या, मागे निळ्या ठिपक्यांचं आकाश टाकलं आणि जाळी वाचकाच्या डोळ्यावर सोडली. मग माझी संहिता पुढ्यात टाकून म्हणाली, “अरे, इतकं आकाश दिसल्यावर तुझं निवेदन कशाला? काढ ते.” मी तावातावाने भांडलो. निवेदन गेलं. सगळ्या अँटेना एकाच दिशेला मान वळवतात ते बिनशब्दांचं पान वाचकांच्या पत्रांत सर्वांत जास्त आलं.

संवादाच्या फुग्यांवरूनही असंच. तेव्हा फोटोशॉपमध्ये देवनागरी टाइप केलं की जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या पळायच्या. म्हणून ती अक्षरं हाताने काढायची. मराठीत अक्षराच्या वर मात्रा, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडावी लागते, फुगा फुगतो आणि चित्र झाकतं. माझ्या सोंगाड्याची अर्धी बतावणी अशी फुग्यांनी खाल्ली. पुढे ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींचा ‘बलू’ हा फॉन्ट मोफत मिळू लागला, सॉफ्टवेअरही सुधारलं. तिने तोवर हाताच्या अक्षरांचा हट्ट धरला होता आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या अंकात तिने न विचारता एक पोरगी घुसवली: फडाचा जनरेटर सांभाळणारी, एक शब्द न बोलणारी. संहितेत ती नव्हतीच. वर्षभरात मालिका तिच्या मागे चालू लागली. अमेरिकेत 1966 साली ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये चित्रकार जॅक कर्बीने असंच लेखक स्टॅन लीच्या कथानकात नसलेला सिल्व्हर सर्फर काढून ठेवला होता. श्रेयाचा तो तंटा पुढे इतका चिघळला की कर्बीच्या वारसांची आणि मार्व्हलची तडजोड व्हायला 2014 उजाडलं. आम्ही तो धडा आधीच घेतला होता. मुखपृष्ठावर दोन नावं, एकाच आकारात, हक्क निम्मे-निम्मे, मूळ पानं तिची.

छपाई दोन रंगांत, काळा आणि निळा, कारण चार रंगांच्या प्लेटा परवडत नव्हत्या. 32 पानं, म्हणजे 16 पानांचे दोन फॉर्म, वर मुखपृष्ठ, मध्ये पिना. शनिवार पेठेतला ऑफसेटवाला दुसऱ्याच्या कामातून उरलेला कागद आमच्यासाठी बाजूला ठेवायचा. गठ्ठे घरी, पत्ते हाताने, टपाल पेटीत. सोलापूर, चिपळूण, बेळगाव, अकोला. कॉमिकच्या दुकानाचं तोंड न पाहिलेल्या गावांत अंक पोहोचत होता.

आता थोडी उधारी चुकवतो. एका प्रकाशकांनी मालिका पुस्तकरूपात काढायची तयारी दाखवली. अट अशी की लेखकाला मानधन, चित्रकाराला ‘एकरकमी मजुरी’ आणि नाव आतल्या पानावर. चहा संपवून आम्ही उठलो. एका परिसंवादात एक ज्येष्ठ समीक्षक म्हणाले, लहान मुलांसाठी उपक्रम स्तुत्य आहे. आमच्या त्या अंकात सावकारी होती, फडातल्या बाईची फरफट होती. त्यांनी मुखपृष्ठापलीकडे पान उलटलं नव्हतं, हे प्रतीच्या पिनांवरून कळत होतं. एका दुकानदाराने अंक रंगवायच्या वह्यांशेजारी ठेवले, निम्मं कमिशन मागितलं, आणि परत आलेल्या प्रतींवर किमतीची चिकटपट्टी अशी बसवली होती की सोंगाड्याचं डोकं तिच्यासकट निघालं. दिल्ली हाटमध्ये 2011 च्या फेब्रुवारीत देशातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं, तेव्हा वाटलं होतं की आता आपले दिवस आले. पुढे अशा एका जत्रेत टेबल घेतलं. लोक परदेशी महानायकांच्या टी-शर्टांच्या रांगेत होते. मराठी ऐकून पुढे सरकत होते.

शेवट नाट्यमय नव्हता. तिला हैदराबादला गेमच्या कंपनीत नोकरी लागली, पगार दर महिन्याला मिळू लागला. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. ऑफसेटवाल्याच्या मुलाने मशीन विकून फ्लेक्सचा धंदा काढला. 2025 च्या सप्टेंबरपासून छपाईच्या कागदावर जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. पुस्तक करमुक्त, कागदावर कर. छोट्या प्रकाशकाने तो कर कुठे वळता करायचा?

आणि आता तो तिसरा आधार. यंदा एका दिवाळी अंकाने ‘कॉमिक विशेष’साठी माझ्याकडे संहिता मागितली. फक्त संहिता, चित्रं एआय करून देईल, एका दुपारीत, फुकट. देईलही. मी तीस अँटेना लिहिल्या तर तीसच देईल, आणि निवेदन जसंच्या तसं ठेवेल. पण न मागता ती मुकी पोरगी त्यात येणार नाही आणि पान वाचून “काढ ते” असं कुणी म्हणणार नाही. ज्यांनी चित्रकाराला कायम मजूर मानलं, त्यांना मजुरी वाचवणारं यंत्र मिळाल्याचा आनंद होणारच. मला तो होत नाही. मालिकेतलं जे काही बरं होतं, ते तिने मला अडवलं तिथे होतं.

संपादकांना नकार कळवला आणि तिला हैदराबादला फोन केला. एक गोष्ट डोक्यात आहे, दोघं मिळून करायची का, असं विचारलं. ती म्हणाली, “करू. पानामागे पैसे घेईन, नाव मुखपृष्ठावर. आणि तुझी पहिली चार पानं काढून टाक.”

“अगं, अजून लिहिलेलीच नाहीत.”

“तरीही.”