बिघडवण्याची मोकळीक



संगणकाचे नाव काढले की कामगाराला पहिली आठवण होते ती नोकरीची. १९६०च्या दशकात आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तो या धास्तीपोटीच. ती धास्ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु यंत्राला विरोध करताना ते आतून समजून घेण्याचे काम आपल्याकडून राहून गेले, हेही कबूल केले पाहिजे. म्हणून आज एका चिमुकल्या संगणकाची हकिकत आपणापुढे ठेवीत आहोत.

१९८०च्या दशकात ब्रिटनमधील मुले 'बीबीसी मायक्रो'सारखे संगणक घरच्या टीव्हीला जोडीत. बटण दाबताच यंत्र आज्ञेची वाट पाहत उभे राही. आज्ञा लिहिल्यावाचून काही घडत नसे. पुढे सारे तयार देणारी यंत्रे आली. मुले खेळू लागली, आज्ञा लिहिणे सुटले. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणारे विद्यार्थी कमी होऊ लागले, तेव्हा इबेन अप्टन व त्यांचे सहकारी जागे झाले. त्यांच्या खटपटीतून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी 'रास्पबेरी पाय' विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर.

हा संगणक म्हणजे पत्त्याच्या पानाहून जराशी लहान, उघडी पाटी. पेटी नाही, पडदा नाही, कळफलक नाही. एका तारेने तो टीव्हीला जोडावयाचा, दुसरीने वीज द्यावयाची. त्याची सारी विद्या कॅमेऱ्यात असते तशा लहानशा कार्डावर. पाटीच्या कडेला धातूच्या पिना आहेत; त्यांना योग्य जोडणी केली की आपण लिहिलेल्या आज्ञेने दिवा लागतो, मोटर फिरते.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग हे कशाला? मोबाइल वापरण्यासाठी केलेला असतो, उलगडण्यासाठी नव्हे. उमेदवार लेथवर हात बसवतो तो चार तुकडे वाया घालवूनच; पण महागड्या यंत्राला त्याला हात लावू देतो कोण? येथे मुलाने घोटाळा केला तर बहुधा कार्ड पुन्हा लिहावे, यंत्र पूर्ववत! स्वस्ताईपेक्षा ही बिघडवण्याची मोकळीक आम्हाला मोलाची वाटते.

तरी हिशेब नीट मांडू. कळफलक, कार्ड, वीजजोड यांचे पैसे निराळे. शिवाय एका खोलीच्या घरात संध्याकाळी टीव्ही पोराच्या हाती कोण देणार? आणखी एक गोष्ट. २०२१च्या सुमारास जगभर चिपांची टंचाई झाली, तेव्हा कंपनीने उद्योगांची मागणी आधी भागवली. तेथील लोकांचे पोट त्या मालावर होते, हे खरे. पण शिकणाऱ्याला थांबावे लागले. शिकण्यासाठी निघालेले हत्यारही बाजाराच्या रांगेतून सुटत नाही.

म्हणून ही सोय एकेकट्या घरावर सोडू नये. युनियनच्या कचेरीत, वाचनालयात एक पडदा व अशा दोन-चार पाट्या ठेवाव्यात. आमच्या पिढीने यंत्राच्या दारात उभे राहून घोषणा दिल्या. पुढच्या पिढीला घोषणाही देता याव्यात, आणि यंत्राचे झाकणही उघडता यावे.