वाघाला भिता, मग पाण्याला का नाही?

जंगलाची सहल ठरली, की घरातल्या आजीपासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘वाघ समोर आला तर?’ फाटकावरच्या वनरक्षकाला हा प्रश्न दिवसातून किती वेळा ऐकावा लागत असेल, कोण जाणे! गंमत अशी, की हीच मंडळी त्या दिवशी दुपारी ओढ्याच्या मधोमध असलेल्या खडकावर सतरंजी अंथरून पोह्यांचा डबा उघडतात. धाकटा माकडाच्या हातावर चिवडा ठेवतो आणि बाबा मधमाश्यांच्या पोळ्याखाली उभे राहून सिगारेट पेटवतात. वाघ बिचारा कुठे तरी सावलीला झोपलेला असतो. सहलीला गेलेल्या माणसाचा घात होतो तो पाण्यात, चिवड्यात आणि काडेपेटीत.

वाघाची भीती अगदीच खोटी आहे, असे मात्र नाही. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्यू झाला. पण या गावच्या बायका होत्या. पोटासाठी पायी, वाकून, दाट झुडपांत शिरलेल्या. मोहफुले वेचणारे, गुरांमागे जाणारे, शेतात राखण करणारे गावकरी हा धोका रोज अंगावर घेतात. उघड्या जिप्सीत बसून, गाइड सोबत घेऊन, दोन-तीन तास फिरून परतणाऱ्या पाहुण्यांचा धोका वेगळा आहे, आणि नेमका तोच आपण विसरतो.

पाणी वरून येते

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागे जंगलातून उतरणाऱ्या धबधब्यात एक कुटुंब वर्षासहलीला आले होते. पाणी एकाएकी वाढले. मोठी माणसे आणि मुले प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली. काठावर माणसे होती, पण कुणाला काही करता आले नाही. लोंढ्याने त्यांना ओढून नेले. काही जण कसेबसे काठाला लागले. पाच जण गेले, त्यांत चार मुले होती. ती चित्रफीत त्या संध्याकाळी देशभर पाहिली गेली, आणि पुढच्याच शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या इतर धबधब्यांवर पुन्हा गर्दी होती.

हे असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. घाटमाथ्यावरचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. वर दोन-तीन किलोमीटरवर पावसाची जोरदार सर आली, की ते सगळे पाणी थोड्याच वेळात अरुंद घळीतून खाली येते. तुम्ही बसला आहात तिथे कदाचित ऊन पडलेले असेल! म्हणून ‘पाऊस कुठे आहे? जाऊ की अजून थोडे आत’ हा हिशेब ओढ्याला लागू पडत नाही. पाणी वाढण्याआधी ते सांगते, पण हळू आवाजात. नितळ पाणी गढूळ होते, पाने आणि काटक्या वाहत येऊ लागतात, वरच्या अंगाचा आवाज जड होतो. यातले एक जरी दिसले, तरी डबे, चपला, कॅमेरा जिथल्या तिथे सोडून आधी माणसे वर काढायची. ‘एवढा एक फोटो’ म्हणणाऱ्याला हाताला धरून ओढायचे.

वाहते पाणी गुडघ्यापर्यंत असले, तरी पाय उचलताच शेवाळलेल्या दगडावरून मोठा माणूस आडवा होतो. मुलाची काय कथा! बसायचेच तर काठावर बसा, आणि जिथून उंचावर जायला चार पावलांची मोकळी वाट आहे, तिथे बसा. मधल्या बेटासारख्या खडकावर तर नकोच. घरात जशी आपण पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी वाढायची पाळी लावतो, तशी इथे एका मोठ्या माणसाची पाळी लावावी. त्याने पाण्यात उतरायचे नाही, गप्पांत रमायचे नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून नुसते पाहत बसायचे. कंटाळवाणे काम आहे खरे, पण अर्ध्या तासाने पाळी बदलता येते.

कोणी वाहून जाऊ लागले, तर त्याच्यामागे उडी टाकू नका, पट्टीचे पोहणारे असलात तरी. वाचवायला गेलेलाही बुडाला, ही बातमी आपण किती वेळा वाचली आहे! दोरी, साडी, ओढणी, लांब काठी, जे हाती लागेल ते फेका. सहलीच्या सामानात पाच लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन झाकण घट्ट लावून दहा-पंधरा मीटर दोरीला बांधून ठेवला, तर तो बुडत्याला धरायला चांगला आधार होतो. वजन काहीच नाही.

चिवड्याची पुडी

भीमाशंकर, माथेरान, घाटातली वळणे... कुठेही गाडी थांबवा, माकडे हजर. आपण त्यांना बिस्किट देतो, त्यात भूतदया असते, मुलांचा आनंद असतो. माकड मात्र त्यातून एवढेच शिकते, की माणसाच्या हातात आणि पिशवीत खाणे असते. पुढच्या वेळी हात रिकामा असेल, तर ते पिशवी ओढते. पिशवी सोडली नाही, तर चावते. रस्त्याच्या कडेला वाट पाहत बसायची सवय लागलेली पिल्ले गाड्यांखाली येतात, ते वेगळेच. अभयारण्यात प्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे हे दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ खाली गुन्हे आहेत, हे आपल्याला बहुधा दंडाची पावती फाटल्यावरच कळते. वेफर्सच्या पुडीला मिठाचा वास असतो. सांबर, चितळ ती पुडीसकट गिळतात आणि प्लास्टिक पोटात तसेच राहते.

माकड चावले किंवा नुसते ओरबाडले, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीविषयी विचारायचे. हळद, चुना, तिखट असले काही जखमेत भरायचे नाही. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ गेला; आता लस दंडात देतात. तेव्हा त्या भीतीने टाळाटाळ नको.

आग्या मोहोळाबद्दल थोडे सांगायला हवे. कड्यांवर, जुन्या वडांवर आणि लेण्यांच्या कपारींत ही मोठी, उघडी पोळी लटकलेली असतात. धूर, दगड, आरडाओरडा आणि उग्र अत्तर यांनी माश्या चवताळतात. आपण मात्र जंगलात जाताना लग्नाला निघाल्यासारखा सेंटचा फवारा मारतो! माश्या उठल्याच, तर हात हलवून त्यांना मारू नका, पाण्यात उडी घेऊ नका. डोके आणि तोंड ओढणीने किंवा शर्टाने झाका, मुलांना पोटाशी घ्या आणि गाडीत किंवा बंद खोलीत पळा. काटा नखाने खरवडून लगेच काढा. खूप डंख झाले असतील, धाप लागली किंवा ओठ-चेहरा सुजला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

सापांचे म्हणाल, तर पायात बूट आणि अंधारात बॅटरी असली की निम्मी काळजी मिटली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. चावलाच, तर करकचून दोरी बांधू नका, चिरू नका, रक्त चोखू नका, सापामागे धावू नका. हाड मोडल्यासारखा तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनखात्यासाठी १९२६ हे क्रमांक आहेत. पण दाट जंगलात फोनला रेंज नसते, म्हणून सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

एक काडी, एक दिवा

तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजी पदभ्रमणाला गेलेली मंडळी वणव्यात सापडली. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या वाटेने जायची वनखात्याची परवानगी त्यांच्याकडे नव्हती. वाळलेल्या गवतातली आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. दिवाळीनंतर सह्याद्रीतले गवत पिवळे पडू लागते आणि मार्च-एप्रिलपर्यंत ते नुसता कापूर झालेले असते. अभयारण्यात आग लावण्याला कायद्याने मनाई आहेच. चूल मांडून चहा करण्याची हौस घरच्या थर्मासवर भागवावी. परवानगीचा कागद हा सरकारी ताप वाटतो, पण संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत, तर शोधायला कोणी निघावे याची नोंद तिथेच असते.

आणि काजवे! मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस धरेपर्यंत भंडारदरा, घाटघर, राजमाची या भागांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर लाखो काजवे एका तालात उघडझाप करतात. सबंध झाड एकदम पेटते, एकदम विझते. ज्याने पाहिले नाही, त्याने एकदा पाहावे, आणि पाहताना गाडीचे दिवे बंद ठेवावेत. काजव्यांची ही लुकलुक म्हणजे नर-मादींचे बोलणे आहे. नर चमकतो आणि खाली झुडपात बसलेली मादी त्याला उत्तर देते. प्रौढ काजव्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. तेवढ्यात मोटारींचे प्रखर दिवे, मोबाइलचे फ्लॅश आणि गाण्यांचा दणदणाट सुरू झाला, की उजेडात त्यांना एकमेकांचे बोलणे दिसत नाही. ज्या मातीत त्यांच्या अळ्या वाढतात, गोगलगाई खातात, तीच माती आपण वाहने लावून आणि पायांनी तुडवून घट्ट करतो. म्हणून गाडी गावातच ठेवा, ठरलेल्या पायवाटेनेच जा, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळा. पंधरा मिनिटे अंधारात गप्प उभे राहिले, की डोळे सरावतात आणि मग जे दिसते, ते कुठल्याही कॅमेऱ्यात येत नाही.

वाघ पाहण्याच्या हट्टाचेही असेच आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालकांवर आणि गाइडांवर कारवाई झाली. पण ‘आणखी जवळ घ्या, पैसे देतो’ असे गाडीतून कोण म्हणते? आपणच ना? ताडोब्यात सफारीला मोबाइल नेण्यास बंदी आहे, आणि मला तर ती सोयच वाटते. मान खाली घालून बसलेल्या पोराला जंगलातला ‘कॉल’ ऐकू येत नाही. झाडावरचे वानर खाकरते, चितळ तीक्ष्ण शीळ घालते, सांबर खोलवर भोंग्यासारखे ओरडते. सांबराने हाक दिली, की गाइड गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो आणि तोंडावर बोट ठेवतो. वाघ दिसो वा न दिसो, तेवढी पाच मिनिटे मुले आयुष्यभर सांगतात.

मध्य भारतातील बहुतेक व्याघ्रप्रकल्पांचे गाभाक्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, आणि आठवड्याची सुट्टीही जागोजाग निराळी. ताडोब्यात मंगळवारी, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोमवारी. तेव्हा आरक्षणापूर्वी चौकशी करा आणि ओळखपत्र मूळच सोबत घ्या. झेरॉक्स दाखवून वाद घालत फाटकावर अर्धी सकाळ घालवलेली कुटुंबे पाहिली आहेत. पावसाळा सरल्यावर भीमाशंकरच्या राईत जा. शेकरू हा आपला राज्यप्राणी तिथे उंच फांद्यांवर काटक्या-पानांची गोल घरटी बांधतो, एक नव्हे, एकाच वेळी अनेक. ती मोजायला मुलांना सांगा. तासभर कोणी वेफर्स मागत नाही.