गारगोटीतलं रान

परभणी, पूर्णा, गंगाखेड, कुठेही विहीर खोदायला घ्या, क्रम साधारण ठरलेला असतो. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण आणि मध्येच एखादा तांबडा पट्टा. मांजऱ्याच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारगोट्या बसलेल्या असतात. विहिरीच्या काठावर टाकलेल्या ढिगातून पोरं त्या वेचून नेतात. हा सगळा खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. आज तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

असल्या खडकात जीवाश्म कुठून येणार? हजार अंशांच्या पुढे तापलेल्या रसात काही टिकत नाही, हे खरंच आहे. पण लाव्हा एका दमात वाहिला नाही. एक प्रवाह थंड व्हायचा, त्यावर माती धरायची, तळी साचायची, शेवाळ आणि झाडं यायची. मग पुढचा प्रवाह येऊन सगळं झाकून टाकायचा. दोन प्रवाहांमधल्या या गाळाला भूशास्त्रात ‘अंतरा-ट्रॅपी थर’ म्हणतात. जीवाश्मांनी गच्च भरलेले असे थर मुख्यतः लाव्हाच्या कडेला, नागपूर-छिंदवाड्याकडे सापडतात. त्यामुळे आपल्याच पायाखालच्या खडकाच्या काळात काय उगवत होतं, हे पाहायला परभणीकराला तिकडे जावं लागतं.

छिंदवाडा भागातलं मोहगाव कलान हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण. इथल्या तळ्यांच्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. पडलेलं पान, फळ, फूल कुजण्याआधीच ती पेशीपेशीत शिरली आणि तिथेच घट्ट झाली. त्यातून बनला चर्ट, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा कठीण दगड. पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी या दगडांतली फळं-फुलं जगापुढे आणली. त्यांच्या मागोमाग नागपूरच्या वनस्पतीशास्त्रज्ञांची एक फळीच या दगडांवर बसली आणि तिच्यात डॉ. श्यामला चितळे होत्या.

चितळे म्हटलं की बाकरवडीच आठवणाऱ्यांसाठी सांगतो : मोहगावच्या चर्टमध्ये सापडलेल्या एका जीवाश्म फुलाचं शास्त्रीय नाव ‘चितळेपुष्पम् मोहगावेन्से’ असं आहे. १९७३ साली ते ठेवलं गेलं, तेही या बाईंच्या सन्मानार्थ. त्यांचा जन्म १९१८चा. नागपूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी शिकवलं, इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पण मला त्यांच्या कामाच्या यादीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९५१ सालचा एक निबंध. त्याचा विषय फूल नाही की फळ नाही. मोहगाव कलानच्या थरांतली सूक्ष्म वनस्पतिसृष्टी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, हा त्याचा विषय.

दगडातलं हे सूक्ष्म जग बाहेर काढायची रीत जिकिरीची असते. चर्टचा तुकडा हिऱ्याच्या पात्याने कापायचा, कार्बोरंडमच्या पुडीवर घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. मग ते तोंड हायड्रोफ्लोरिक आम्लात थोडा वेळ धरायचं. हे आम्ल काच खातं, म्हणून काचेच्या भांड्यात ठेवता येत नाही. कातडीवर पडलं तर आत हाडापर्यंत जातं. ते सिलिका विरघळवतं, पण पेशीभित्तीतल्या कार्बनला हात लावत नाही. त्यामुळे धुऊन वाळवल्यावर पेशींच्या भिंती केसाहून बारीक उंचीने दगडाबाहेर उभ्या राहतात. त्यावर अॅसिटोन ओतून पातळ पारदर्शक पापुद्रा चिकटवायचा, सुकला की अलगद सोलायचा. पापुद्र्यासोबत भिंतीही निघून येतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो पापुद्रा म्हणजे त्या फळाचा एक काप. पुन्हा घासा, पुन्हा आम्ल, पुन्हा पापुद्रा. असे काप एकापुढे एक लावले की आतली रचना समजते. चुकून जास्त घासलं, तर तेवढा भाग कायमचा गेला.

या चर्टमध्ये अझोलाही आहे. होय, गोठ्याजवळच्या हौदात दुभत्या जनावरांसाठी वाढवतात तोच वंश. साहनी आणि राव यांनी त्याला ‘अझोला इंटरट्रॅपिया’ नाव दिलं. त्याची ओळख पटते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजाणूंवरून.

चितळेबाईंच्या त्या निबंधानंतर तीन वर्षांनी, १९५४ साली, टायलर आणि बारगहूर्न या अमेरिकन जोडीने कॅनडातल्या ‘गनफ्लिंट’ थरातले सूक्ष्मजीव जाहीर केले. वय सुमारे १९० कोटी वर्षं. त्याआधी एवढ्या जुन्या खडकांत जीवनाचा ठोस पुरावा मिळत नाही ही अडचण डार्विनच्या काळापासून होती. तो पुरावाही चर्टमध्येच निघाला. हाडं-कवचं नसलेल्या जीवांची नोंद ठेवायला सिलिकाइतका भरवशाचा कारकून निसर्गात दुसरा क्वचितच सापडेल.

चितळेबाई पुढे अमेरिकेत गेल्या. ज्या वयात आपल्याकडे हातात नारळ देतात त्या वयात, साठी ओलांडल्यावर, त्यांनी क्लीव्हलँडच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात पुरावनस्पतीशास्त्राचा विभाग उभा केला. दख्खन सुटलं आणि डेव्होनियन काळ, म्हणजे सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीची झाडं, हातात आली. १९९६ साली कॅथलीन पिग यांच्यासोबत त्यांनी ‘क्लीव्हलँडोडेंड्रॉन’ या सडपातळ वनस्पतीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. २०१३ साली त्या गेल्या.

सिलिकाची दुसरी करामत परभणीच्या रानात रोज अनुभवाला येते. ज्वारीची पात हाताला कापते, कारण मुळांनी शोषलेली सिलिका पात्यात, कडेच्या बारीक काट्यांत साठते. पात्यात साठलेल्या सिलिकेच्या या कणांना फायटोलिथ म्हणतात. ज्वारीच्या पात्यातले बरेचसे डमरूच्या आकाराचे, भाताचे वेगळे. जातवार ओळखता येतात. पान कुजतं, जनावर ते पचवतं, कण मात्र तसेच राहतात.

हे कण किती टिकतात, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला दिसतं. तिथे, वरोऱ्याजवळ, डायनोसॉरचं दगड झालेलं शेण मिळतं. मॅटली यांनी १९३९ सालीच त्याचं वर्णन केलं होतं. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी त्यातून फायटोलिथ वेगळे केले आणि २००५ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत निष्कर्ष छापला : आजच्या गवतांच्या उपकुळांशी नातं सांगणारे निदान पाच प्रकार त्यात होते. तोवर डायनोसॉर असताना गवताचा असा विस्तार झाला असेल, असं फारसं कुणी धरत नव्हतं. अर्थात हे प्राणी निव्वळ गवतावर नव्हते. ताड, सूचिपर्णी, इतर झाडपाला, समोर येईल ते खात होते. २०११ साली याच शेणात भाताच्या कुळीचे कण सापडल्याचं जाहीर झालं. त्या निबंधाच्या लेखकांत धनंजय मोहबे आणि बंदना सामंत ही नागपूरची दोन नावं आहेत.

तेव्हा गवत खरोखर चरत कोण असेल, यावरही २००५च्या निबंधात एक अंदाज आहे. त्या काळी इथे गोंडवानाथेर नावाचे छोटे सस्तन प्राणी होते. त्यांच्या दाढा उंच वाढणाऱ्या होत्या. सिलिकाने भरलेली पात चावून दात झिजतात, तेव्हा अशाच दाढा लागतात.