समुद्राचे परवाने

समुद्रावर मालकी सांगणे म्हणजे काय, हे गोमंतकीयांस निराळे समजावून सांगावयास नको. सोळाव्या शतकात अरबी समुद्रात व्यापारास निघालेल्या गलबतास पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास माल जप्त होई, प्रसंगी माणसेही प्राणास मुकत. १६०९ साली ह्यूगो ग्रोशियस या डच पंडिताने ‘मुक्त सागर’ या ग्रंथात ही मक्तेदारी खोडून काढली. पण बळ हाती येताच डचही परवाने देऊ लागले. (आमच्या आंग्र्यांनीही दस्तके दिली, हे कबूल केले पाहिजे.) सागर मुक्त खरा, पण बलवंतांना!

हा अर्थ बदलू पाहिला तो माल्टा या चिमुकल्या देशाने. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, अशी मागणी त्याचे राजदूत आर्विद पार्दो यांनी १ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात केली. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराने ती मान्य केली. तो १९९४ मध्ये अमलात आला व भारताने १९९५ मध्ये त्यास मान्यता दिली. अमेरिका मात्र आजही बाहेरच आहे.

या तळावर निकेल, तांबे, कोबाल्ट, मँगनीज यांचे गोळे पसरलेले आहेत. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ‘गवेषणी’ नौकेवरून असे गोळे प्रथम वर काढले. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात ते शोधण्याचा भारताचा हक्क आहे, तो जमैकातील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी केलेल्या करारान्वये.

आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला, की स्वदेशाच्या १९८० च्या कायद्याखाली या सामाईक तळावरील खाणींचे परवाने त्वरेने द्यावेत! आमच्या मते हा नवा कार्ताझच होय. एकाने आपला परवाना आपणच लिहिला, तर रांगेत उभे राहून मिळविलेल्या आमच्या कराराची किंमत ती काय राहिली?

खाणींच्या गाळाने नद्यांची आणि शेतांची काय दशा होते, ती आम्ही गोव्यात पाहिली आहे. चार-पाच हजार मीटर खोलीवरचा गाळ तर कोणाच्या दृष्टीसही पडणार नाही. तेव्हा सर्वमान्य खाणनियम होईपर्यंत भारताने स्वतः उत्खननास हात घालू नये, आणि अशा एकतर्फी परवान्यावर काढलेली धातू आमच्या बंदरांत उतरू देणार नाही, असे दिल्लीने आजच जाहीर करावे.