सिग्नलच्या दिव्याला ट्रान्सफॉर्मर किती मोठा हवा?

चौकातील सिग्नलचा दिवा मंद दिसू लागला की लोक बल्बला दोष देतात. पुष्कळदा दोष मागच्या ट्रान्सफॉर्मरचा किंवा तारेचा असतो. आम्ही कापडाचे व्यापारी, विजेचे काम आमचे नव्हे. पण साड्यांचा रंग खुलावा म्हणून दुकानांत १२ व्होल्टचे हॅलोजन आले, तेव्हापासून हा हिशोब आम्हालाही समजून घ्यावा लागला. वाशिम, कारंजा, रिसोडकडे वायरिंग व वाइंडिंगवर पोट भरणाऱ्या कारागीर बांधवांच्या तो रोजच्या कामाचा आहे.

विजेवरचा सिग्नल अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात ५ ऑगस्ट १९१४ रोजी सुरू झाला. पुढे युरोपात १० किंवा १२ व्होल्टचे, ५० वॅटचे हॅलोजन दिवे सिग्नलमध्ये वापरले गेले. कमी व्होल्टच्या दिव्यातील तंतू आखूड व जाड असतो, त्यामुळे वाहनांचे हादरे तो अधिक सोसतो.

आता हिशोब. ५० वॅटला १२ ने भागले की सुमारे ४.२ अँपिअर. म्हणजे ५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो असे वाटते. परंतु या ट्रान्सफॉर्मरची जागा लोखंडी पेटीत, मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हात! पेटीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम. म्हणून साध्या जागी ६० आणि अशा पेटीत ७५ व्हीए घ्यावा. शिवाय थंड तंतू पेटताना क्षणभर दहापट किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो, तेव्हा फ्यूज सावकाश तुटणारा हवा.

मग एकदम मोठाच का घेऊ नये? लहान ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर १२ व्होल्ट देतो, भार कमी असला की १३ किंवा त्याहून जास्त. आणि व्होल्टेज केवळ ५ टक्के वाढले तरी दिव्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. ग्राहक महिन्याभरात दिवा परत घेऊन येतो आणि दोष दुकानदाराच्या माथी बसतो.

सर्वांत जास्त फसगत होते ती तारेत. ट्रान्सफॉर्मर दुकानाच्या मागच्या खोलीत आणि दिवा २० मीटर दूर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन ४० मीटर झाली, तिचा अवरोध सुमारे अर्धा ओहम. सव्वाचार अँपिअरला जवळपास २ व्होल्ट तारेतच गेले! दिव्याला मिळाले १०, आणि उजेड राहिला जेमतेम निम्मा. हीच तार २३० व्होल्टच्या बाजूला वापरली तर घट ०.१ व्होल्ट. म्हणूनच सिग्नलमध्ये प्रत्येक दिव्याजवळ वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवीत. रब्बीत पंप सुरू होऊन मुळातच व्होल्टेज उतरते तेथे हे ध्यानात ठेवावेच.

स्वस्त मिळतो म्हणून ऑटो ट्रान्सफॉर्मर येथे मुळीच लावू नये. त्याची दोन्ही वेटोळी एकमेकांपासून अलग नसतात. एक जोड सुटला तर १२ व्होल्टच्या तारेवर २३० येते. कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी याचा अर्थ काय, हे दुकानदाराला सांगायला नको.

आज सिग्नलमध्ये एलईडी आहेत, एका दिव्याला १०-१५ वॅट पुरतात. परंतु हॅलोजनचा जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर त्यांना चालत नाही. त्याला ठराविक किमान भार लागतो, तो न मिळाल्यास दिवा लुकलुकतो. १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांना डीसी पुरवठा घ्यावा. पट्ट्यांचे वॅट मोजून त्यावर पाव भाग जास्त धरावा. दुकानाच्या पाटीत ६० वॅटच्या पट्ट्या असतील तर ७५ वॅटचा.

खरेदी करताना ट्रान्सफॉर्मर हातात तोलून पाहावा. प्लेटवर तेवढेच व्हीए, पण वजन फारच कमी असेल तर वेटोळी ॲल्युमिनियमची आहेत का, हे विचारावे. जोडणी झाल्यावर पूर्ण भारावर दोन तास चालवून व्होल्टेज मोजावे, तेही ट्रान्सफॉर्मरवर नव्हे, दिव्याच्या होल्डरवर.