छोट्या लेथची थरथर कशी थांबवाल?

सात इंची मिनी लेथ घेतलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: पार्टिंग टूल जॉबला टेकलं की मशीन थरथरतं आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. अशा वेळी महागडं टूल आणू नका, आधी मशीनमधला ढिलेपणा शोधा.

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक पडला तो कंपाउंड स्लाइड काढून तिथे पोलादाचा भरीव ठोकळा बसवल्यावर. एक सरकता सांधा गेला आणि टूलपोस्ट खांबासारखा उभा राहिला! ठोकळ्याची उंची मात्र नीट मोजा, टूलची धार सेंटरवर आली पाहिजे. टेपर कापायचा असेल तेव्हा स्लाइड परत लावायची.

कॅरेजच्या खालच्या पट्ट्या आणि गिब घट्ट करणं हे तासाभराचं काम.

खरी मजा हेडस्टॉकमध्ये. तिथे बहुधा ६२०६ बॉल बेअरिंग असतात. त्यांच्या जागी ३०२०६ टेपर रोलर चपखल बसतात, कारण दोन्हींचा आतला व्यास ३० आणि बाहेरचा ६२ मिलिमीटर. जाडी मात्र १६ ऐवजी १७.२५, म्हणून स्पेसर तेवढे कमी करावे लागतात. असे आखूड स्पेसर नव्याने, बेअरिंग काढण्याआधीच, याच लेथवर कापून ठेवा. नंतर लेथ खोललेला असेल!

शेवटी ग्रीस भरून स्पिंडलचं नट थोडं थोडं आवळा आणि अर्धा तास मशीन चालवा. मशीन बंद करून हेडस्टॉकला हात लावा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर नट किंचित सैल करा.